गाडी बालिंग्याच्या पुलाजवळ, फोन कागलकडं बंद

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

मावशी, माझा दादा, वय ३४, गेल्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, १२ ऑगस्ट २०२४ ला संध्याकाळी घरातून गेला तो परत आला नाही. करवीर तालुक्यातलं आमचं गाव. दीड एकर ऊस, दोन म्हशी. दादा एका भागीदाराबरोबर प्लॉटचं काम करायचा, 'त्याच्याकडं जाऊन येतो' म्हणूनच बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी बालिंग्याच्या पुलाजवळ मिळाली. पोलीस म्हणाले, सोसायटीचं कर्ज होतं, पाण्यात उडी घेतली असेल. आठ दिवस नदीत शोधलं, काही हाती लागलं नाही. नंतर एका हवालदारांनी बोलता बोलता सांगितलं की फोन त्या रात्री सव्वाअकराला कागलकडं बंद झाला. भागीदार म्हणतो, माझ्याकडून आठलाच निघाला. आमचा संशय त्याच्यावरच आहे. चुलतभाऊ म्हणतात, उचलून आणू, दोन तासांत बोलेल. मी त्याच्या फोटोसकट सगळं फेसबुकवर टाकायचं ठरवलंय, लिहूनही ठेवलंय. आई रोज दादाचं ताट वाढते. भावकी म्हणते, पालाशविधी (देह न मिळालेल्याचा अंत्यविधी) करून मोकळे व्हा. वहिनी कुणाशी बोलत नाही, आणि सहा वर्षांचा पुतण्या विचारतो, बाबा कधी येणार. एक गोष्ट आम्ही पोलिसांना सांगितली नाही. दादानं एका खासगी सावकाराकडून चार लाख घेतले होते, जमिनीच्या कागदावर सही करून. माझं लग्न ठरत होतं म्हणून घरात सगळ्यांनी ते दाबलं. आता मी काय करू?
– एक बहीण, तालुका करवीर

तू मला मावशी म्हणालीस, म्हणून तशीच एकेरीत बोलते.

आधी तातडीचं. हे वाचून झालं की चुलतभावांना फोन कर आणि त्या माणसाच्या दारात पाऊल टाकायचं नाही असं बजाव. त्याला उचलून आणलं तर या प्रकरणात अपहरणाचा पहिला गुन्हा दाखल होईल तो तुझ्या चुलतभावांवर. तुझ्या भावासाठी चौदा महिन्यांत जे कलम कुणी लिहिलं नाही, ते यांच्या नावापुढं एका रात्रीत लिहिलं जाईल. शिवाय मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून काहीही बोलतो. त्याच्या बोलण्यावर तुम्ही कुठलीतरी विहीर उपसत बसाल, आणि उद्या पोलिसांनी त्याला खरोखर चौकशीला बोलावलं तर त्याच्या वकिलाच्या हातात आयतं हत्यार असेल : याला आधीच मारहाण झालीय, हे सगळं वदवून घेतलेलं आहे.

फेसबुकची पोस्टही थांबव. त्यातला संताप खरा आहे, मला तो तुझ्या पत्राच्या अक्षरात दिसतो. पण ती पोस्ट सगळ्यात आधी वाचेल तो माणूस तोच असेल. त्यानं काही केलं असेल तर त्याला कळेल की घरच्यांना कागलच्या फोनचं ठाऊक आहे, आणि मग जुना मोबाईल, गाडी, सोबत्यांशी जुळवायचं बोलणं, सगळ्याची सोय तो लावेल. त्यानं काही केलेलं नसेल तर एका निरपराध माणसाचं घर तुझ्या हातून मोडेल आणि वर बदनामीचा खटला तुझ्यावर येईल. दादाचा फोटो, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचं ठिकाण हे मात्र जरूर टाक. संपर्कासाठी पोलीस ठाण्याचा नंबर दे, घरचा देऊ नकोस. हरवलेल्या माणसांच्या घरी 'तुमचा माणूस आमच्याकडं आहे, पाच हजार पाठवा' असे फोन करणारे लोक असतात, आणि ते नेमके आईच्या हाती लागतात. असा फोन आलाच तर पैसे पाठवायचे नाहीत. तो नंबर, तारीख आणि वेळ लिहून ठाण्यात द्यायची.

आता मुख्य गोष्टीवर येते. पोलिसांच्या दप्तरात तुझा दादा आज 'मिसिंग' आहे, एवढंच. १८ वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवूनच तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आहे. सज्ञान माणसाला ते लागू नाही. मोठा माणूस स्वतःच्या मर्जीनं कुठंही जाऊ शकतो, म्हणून नुसती नोंद होते, बिनतारी संदेश जातो, फोटो फिरतो, आणि काही दिवसांनी फाईल कपाटात जाते. त्यात गुन्हा नाही, त्यामुळं कोर्टाला अहवाल देण्याची बांधिलकीही नाही. कोर्टातल्या माझ्या वर्षांत अशा तक्रारी मी पुष्कळ वाचल्या. त्यातलं एक वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं : 'घरात कोणास काही एक न सांगता निघून गेला.' तुमच्या तक्रारीची प्रत काढून बघ. तिथं हेच वाक्य असेल तर ते खोटं आहे, कारण तुझा दादा कुणाकडं जातो ते सांगून गेला होता. त्या एका ओळीनं तपासाची दिशा पहिल्याच दिवशी फिरलेली असू शकते.

म्हणून तुझं काम एकच आहे. ती 'मिसिंग' नोंद गुन्ह्याच्या नोंदीत बदलून घ्यायची. दादाचं काय झालं हे शोधणं तुझ्या आवाक्यातलं नाही, आणि ते तुझ्यावर कुणी टाकूही नये. पण ज्यांचं ते काम आहे त्यांना ते करणं भाग पडेल असा कागद तयार करणं तुझ्या हातात आहे. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केलं. घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे, त्यामुळं भारतीय न्याय संहिता लागू होते. तिचं कलम १४० अपहरणाचं आहे, खुनाच्या इराद्यानं केलेलंही त्यात येतं आणि गुप्तपणे डांबून ठेवण्यासाठी केलेलंही. तुझ्या अर्जात कलमांची गर्दी नको. घडलेल्या गोष्टी तारीखवार, साध्या भाषेत हव्यात.

त्यात सगळ्यात वजनदार गोष्ट तुझ्याकडं आधीच आहे, पण तू ती पत्रात एका ओळीत उरकलीस. बालिंगा कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला, गगनबावडा रस्त्यावर, भोगावतीकाठी. कागल दक्षिणेला, बेंगळुरू हमरस्त्यावर, कर्नाटकच्या हद्दीला लागून. माणूस बालिंग्याच्या पुलावरून पाण्यात गेला असेल तर त्याच्या खिशातला फोन कागलकडं कोण घेऊन गेलं? टॉवरचं लोकेशन काही घराच्या दारापर्यंत नेऊन सोडत नाही, खेड्यात एका टॉवरचा पल्ला काही किलोमीटरचा असतो. तरी बालिंगा आणि कागल यांची गल्लत त्यातून होणार नाही. एवढ्यावरून खून शाबीत होत नाही, हेही लक्षात घे. दादा स्वतः दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून गेला असण्याची शक्यता उरते. पण नदीत उडी घेतल्याची गोष्ट मात्र त्यानं डळमळीत होते, आणि चौदा महिने तपास त्याच गोष्टीवर अडलेला आहे.

उडीच्या गोष्टीला आणखी एक कसोटी लाव. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज नोंदली जाते. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. २०२४ चा पूर जुलैअखेरचा. १२ ऑगस्टला पातळी किती होती आणि पुढचे आठ दिवस ती चढत होती की उतरत होती, हे पाटबंधारे विभागाकडं माहिती अधिकारात मागता येतं. बोटी घालून आठ दिवस शोधूनही काही मिळालं नाही याचा अर्थ त्या आकड्याशिवाय लावता येणार नाही.

आता सावकाराचं. हे लिहिताना तुला किती जड गेलं असेल ते कळतं. तुझ्या लग्नासाठी दाबलेली गोष्ट, म्हणून तू तिचा भार स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहेस. तो तुझा नाही. घरातल्या मोठ्यांनी मुलीचं जमावं म्हणून जे योग्य वाटलं ते केलं. पण आता ती गोष्ट एक दिवसही दाबून ठेवू नका. पोलीस म्हणतात, कर्ज होतं म्हणून जीव दिला असेल. अगं, कर्ज जसं जीव देण्याचं कारण असतं तसं जीव घेण्याचंही असतं. चार लाखांचा व्यवहार, जमिनीच्या कागदावर सही, आणि सही करणारा गायब, हे कळल्यावर कुठलाही तपास अधिकारी पहिली चौकशी त्या कागदाची करेल. तो कागद साठेखत होतं की थेट खरेदीखत? परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा सावकारी कायद्याखाली, म्हणजे २०१४ च्या अधिनियमाखाली, गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. पण त्याहून महत्त्वाचं असं की तुमचा सगळा संशय आजवर एकाच माणसावर रोखलेला आहे आणि दुसरा माणूस तुम्ही स्वतःच अंधारात ठेवलाय. भागीदारानंच काही केलं असेल असं तुला ठाम वाटतं. असेलही. तुझ्या जबाबात मात्र 'वाटतं' नको. दादा कुणाकडं निघाला होता, कुणाचे पैसे होते, कुणाशी कधी वाजलं होतं, एवढंच असू दे आणि निष्कर्ष त्यांना काढू दे. अब्रूपायी लपवलेली आणखी काही गोष्ट असेल, बाईची, जुगाराची, ऑनलाइन रमीची, तर तीही सांगा. पुढं खटला उभा राहिला तर विरुद्ध बाजूचा वकील ती शोधून काढतोच, आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वाससुद्धा उडतो.

वेळेचं भान ठेव. दूरसंचार कंपन्यांनी कॉलचे तपशील किमान दोन वर्षं जपायचे असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. दादाचे त्या रात्रीचे तपशील पोलिसांनी बहुधा काढले असतील, कागलचं त्यातूनच कळलं. पण भागीदाराचे काढलेत का? सावकाराचे? आठ वाजता दादा निघून गेला असं सांगणाऱ्याचा फोन सव्वाअकराला कुठं होता, हे एका कागदावर दिसतं, आणि तो कागद मागायची मुदत ऑगस्ट २०२६ ला संपत येते. त्यानंतर कंपनीनं 'उपलब्ध नाही' म्हटलं तर तुला काही करता येणार नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण तर बहुतेक दुकानांत महिनाभरही टिकत नाही, ते गेलंच असं धर. तरी रंकाळा ते बालिंगा आणि हायवेवरच्या पंपांचं फुटेज त्या वेळी पोलिसांनी घेतलं होतं का, एवढं अर्जात विचार. घेतलं असेल तर ते त्यांच्याकडंच असेल.

दादाचा नंबर बंद पडू देऊ नका. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी काढून दुसऱ्याला देऊ शकते, म्हणून रिचार्ज चालू राहू दे. आणि त्याचं एटीएम कार्ड किंवा फोन-पे घरखर्चासाठी कुणी वापरत असेल तर ते आजच थांबवा. ऊसबिल त्याच्या खात्यावर पडत असेल, हात आखडलेला असेल, सगळं मान्य. पण पैसे निघाले की नोंदीत तो माणूस जिवंत आणि फिरता दिसतो. आधी काढले असतील तर तारखा आणि रकमा लिहून ठाण्यात द्या, लाजू नका.

जमिनीचा आणि प्लॉटचा माग तू स्वतः काढू शकतेस, आणि त्यासाठी कुणाच्या दारात जायला नको. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, बघ. तुमच्या दीड एकराचा सातबारा आणि फेरफार काढ, आणि दादा ज्या प्लॉटच्या व्यवहारांत होता त्या गटांचेही काढ. १२ ऑगस्टनंतर त्यात काही बदललंय का? त्याच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र पुढं करून कुणी काही विकलंय का? एखाद्या दस्तावर दादाची सही आणि तारीख त्याच्या जाण्यानंतरची आहे का? असा एक दस्त सापडला तर तुझ्या दहा अर्जांपेक्षा तो जास्त बोलेल. नाही सापडला तर तेही कळू दे, संशयाची एक वाट कमी झाली.

पुढची गोष्ट आईसमोर वाचू नकोस. भोगावती प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, ती शिरोली, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तिथून पाणी बेळगाव जिल्ह्यात उतरतं. हायवेनं गेलं तर कागलच्या पुढं निपाणी, संकेश्वर. अनोळखी मृतदेह मिळाला की आपल्याकडं 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते, कर्नाटकात तिला यूडीआर म्हणतात. हरवल्याची नोंद एका राज्यात आणि मृतदेहाची दुसऱ्यात असली की संगणक असूनही ती जुळायची राहते, कारण दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारा माणूस लागतो. म्हणून अर्जात लेखी मागणी कर की ऑगस्ट २०२४ पासून शिरोळ, इचलकरंजी आणि बेळगाव जिल्ह्यातल्या नदीकाठच्या व हायवेवरच्या ठाण्यांतल्या अनोळखी पुरुष मृतदेहांच्या नोंदी तपासाव्यात, आणि आईच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी घ्यावा. दादाचा कंगवा, दात घासायचा ब्रश, न धुतलेला एखादा कपडा अजून असेल तर कागदी पाकिटात ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस. आईला सांगायचं झालं तर 'दादाला शोधायला लागतंय' एवढं पुरे. ते खरंच आहे.

अर्ज आधी ठाण्यात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घे. पोहोच दिल्याशिवाय तिथून हलायचं नाही. घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठव, पावती जपून ठेव. तिथूनही काही झालं नाही तर शपथपत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं, आणि कलम १७५(३) खाली ते पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करायचा आदेश देऊ शकतात. एकदा गुन्हा नोंदला की ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आज तू हवालदारांच्या बोलण्यातून निसटलेलं वेचते आहेस, तेव्हा तुला ते हक्कानं मागता येईल. हवालदारांवर मात्र राग धरू नकोस. त्यांनी सांगितलं नसतं तर तुला कागलचं कधी कळलंच नसतं. अर्जात त्यांचं नाव घालायची गरज नाही, 'फोनचे शेवटचे लोकेशन तपासावे' एवढं लिहिलं तरी भागतं.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच ते आहे. आणि हायकोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर आता रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. या बेंचसाठी वकील मंडळी आणि जिल्ह्यातले लोक वर्षानुवर्षं भांडले ते तुझ्यासारख्यांसाठीच, असं मला मनापासून वाटतं. तिथं हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा आदेश, मागता येतो. इतक्या महिन्यांनी कोर्ट कदाचित म्हणेल की कुणी डांबून ठेवल्याचं दिसत नाही, पण तपास स्थानिक गुन्हे शाखेकडं किंवा सीआयडीकडं द्या अशी मागणी वेगळ्या याचिकेत करता येते. ठाणं, अधीक्षक, दंडाधिकारी या पायऱ्या मात्र गाळू नकोस. आधी तिकडं गेला होतात का, हे कोर्ट पहिल्यांदा विचारतं.

मृतदेह नाही म्हणजे खटलाच नाही, असं तुला गावात दहा जण सांगतील. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्येच रामानंद खटल्यात सांगितलंय की प्रेत सापडलं नाही तरी इतर पुरावा भक्कम असेल तर खून शाबीत होऊ शकतो. आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण तुझ्यापुढं आहे. हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या अश्विनी बिद्रे, स्वतः सहायक पोलीस निरीक्षक, एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून नाहीशा झाल्या. संशय होता तो एका पोलीस निरीक्षकावर. घरच्यांनी आधी बेपत्ता असल्याची तक्रार दिली, मग पाठपुरावा केला, हायकोर्टात गेले. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. वसईच्या खाडीत शोध घेऊनही मृतदेह मिळाला नाही. तरी परिस्थितीजन्य आणि तांत्रिक पुराव्यावर पनवेलच्या न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये त्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. नऊ वर्षं लागली, आणि ती नऊ वर्षं त्या घरानं कशी काढली असतील याचा विचार करवत नाही. तुला खोटा धीर द्यायला हे सांगत नाही. प्रत्येक तारीख, प्रत्येक कागद जपून ठेवल्यामुळं तो खटला टिकला, म्हणून सांगते.

तू एक वही घाल. घरातल्या प्रत्येकाला त्या दिवसाचं जे आठवतं ते वेगवेगळं बसवून लिहून घे, एकत्र बसून लिहू नका. दादा काय जेवला, कुठला शर्ट घातला, कुणाचा फोन आला, जाताना काय म्हणाला. वहिनी बोलत नाही म्हणतेस. तिला प्रश्न विचारू नकोस, वही आणि पेन तिच्याजवळ ठेव. बोलायला न येणारं पुष्कळदा लिहिता येतं.

आता घराचं. अमेरिकेत पॉलिन बॉस नावाच्या अभ्यासक आहेत. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात काम केलं. माणूस गेला हेही कळत नाही आणि आहे हेही कळत नाही, अशा दुःखाला शेवट नसतो आणि त्यात अडकलेली माणसं आजारी नसतात, परिस्थितीच तशी असते, असं त्या मांडतात. तुमच्या घरात तेच चाललंय. आई ताट वाढते, ते तिला वाढू दे. ती भ्रमिष्ट झालेली नाही. तिला जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं वागायला ती नकार देतेय, इतकंच. तू मनातून दादा गेला असं धरलं असशील तर तेही चूक नाही. एकाच घरात दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी धरून जेवायला बसता येतं, फक्त एकमेकींना पटवायचं सोडून द्यायचं.

भावकीला काय सांगायचं? पालाशविधी परंपरेत आहे, देह न मिळालेल्यांसाठीच तो आहे, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण तो आईनं किंवा वहिनीनं मागितला तर करायचा. भावकीला 'मोकळं' व्हायचंय म्हणून नाही. मोकळं होण्याची घाई कुणाला जास्त आहे ते बघून ठेव, विशेषतः दीड एकराच्या वाटणीचा विषय त्याच तोंडातून निघत असेल तर. विधी केल्यानं कायद्यात काही बदलत नाही. ज्यांना त्याची खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काहीच खबर लागली नाही, तर साक्ष अधिनियमाच्या कलम १११ खाली मृत्यूचं अनुमान काढता येतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑगस्ट २०३१ नंतर, तेही दिवाणी कोर्टातून ठरवून घेऊन. तोवर मृत्यूचा दाखला नाही, वारसनोंद नाही, आणि कुणी 'मी करून देतो' म्हणत कोऱ्या कागदावर सह्या मागितल्या तर त्याला दारातूनच परत पाठवा. दादाचा आयुर्विमा असेल तर हप्ते चुकवू नका. सात वर्षांनी मृत्यूचं अनुमान निघतं, पण मृत्यू नेमका कोणत्या तारखेला झाला याचं अनुमान निघत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये विमा महामंडळाच्याच एका खटल्यात सांगितलंय. मध्येच पॉलिसी बंद पडली तर वहिनीच्या हाती काही लागायचं नाही.

वहिनीच्या कुंकवाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण गावात कुणीतरी बोललं असणारच. नवरा गेल्यावरसुद्धा बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही, असा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये केला आणि राज्य सरकारनं त्यावर परिपत्रक काढलं. इथं तर नवरा गेला असं कुणाला म्हणताही येत नाही. ती काय लावेल, काय घालेल, कुठल्या हळदीकुंकवाला जाईल, हे ती ठरवेल. आणि तिच्या बाजूनं पहिल्यांदा तू बोल, कारण नणंद बोलली की बाकीच्या गप्प बसतात.

पुतण्याला 'बाबा गावाला गेलाय' सांगू नका. सहा वर्षांच्या मुलाला वाटतं की गावाला गेलेला बाबा आपल्याला विसरला. 'बाबा कुठं आहे ते आम्हाला कळत नाही, आम्ही सगळे शोधतोय, आणि तू काही केलंस म्हणून तो गेलेला नाही' हे तीनदा विचारलं तर तीनदा सांगा.

येत्या सोमवारी अर्ज घेऊन जा, वहिनीला बरोबर ने. फिर्याद कुणीही देऊ शकतं, पण दादा जाताना काय म्हणाला ते जिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं तिची सही असलेली बरी. ती तयार नसेल तर तुझी चालेल. सावकाराच्या कागदाची प्रत घरात असेल तर सोबत जोड, नसेल तर सही कधी आणि कुणासमोर झाली ते लिही. पोहोच मिळाली की तिचा फोटो काढून चुलतभावांनाही पाठव. त्यांना काहीतरी करायचंच आहे ना, तर दोघांना शिरोळ आणि इचलकरंजीच्या ठाण्यांत फोटो घेऊन जाऊ दे, आणि एकाला निपाणीला.